पाच सेकंदांचं शेत

आमचं शेत ओलांडायला माझ्या गाडीला पाच सेकंद लागतात. हे ताशी एकशे वीसच्या वेगाने. त्याहून जास्त वेगात किती लागतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथं लिहीत नाही. शेत म्हणजे आता रस्ताच आहे, शहापूरच्या पुढचा, नव्या महामार्गाचा. जमिनीपासून दोन-तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा भराव टाकून रस्ता वर उचललाय. आमचा भाताचा मोठा खाचर, त्याच्या वरचे दोन लहान खाचर, बांधावरचं ऐनाचं झाड आणि जिथं दर उन्हाळ्यात रोपं टाकायच्या आधी पालापाचोळ्याचा राब भाजायचा ती काळी पडलेली जागा, हे सगळं त्या भरावाखाली आहे.

ते नेमकं कुठं आहे हे मी कागदावरून काढलं होतं. मोजणीच्या नकाशाची एक झेरॉक्स घरात होती. तिच्यात एक नाला दाखवलाय. रस्त्यावर त्या नाल्याची मोरी आली की आमची हद्द सुरू, आणि पुढे डाव्या हाताचा हिरवा फलक आला की संपली, असा माझा हिशेब. मोरीपासून मी खिडकीबाहेर बघायचो. बघायला काहीच नसायचं, लोखंडी कठडा आणि पलीकडे आभाळ. फलक आला की मला ते सोसायचं नाही आणि मी पाय दाबायचो. मग टर्बोची शीळ चढायची, पाठ सीटला चिकटायची आणि वीस-पंचवीस सेकंद डोक्यात दुसरं काही उरायचं नाही.

दर रविवारी सकाळी हा माझा नेम होता. शहापूरजवळ रस्त्यावर चढायचं, लांबलचक बोगद्यातून इगतपुरीला उतरायचं, चहा प्यायचा आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. बायकोने विचारलं कुठं निघालात, तर मी सांगायचो, "शेतावर." पहिल्यांदा ती हसली होती. नंतर हसेनाशी झाली.

गाडी त्याच जमिनीची आहे. म्हणजे जमिनीचे पैसे आले, त्यातून आधी घर बांधलं, आणि उरलेल्यातून मी कल्याणच्या एका डॉक्टरची वापरलेली सेडान घेतली. अठराशे सीसी, पेट्रोल, टर्बो, काळपट निळा रंग. गावात तेव्हा ज्याच्या त्याच्या दारात नवी गाडी उभी राहत होती, पण सगळ्या उंच, पांढऱ्या, सात माणसं बसतील अशा. माझी खाली बसलेली गाडी बघून लोक विचारायचे, "हिची चाकं अजून यायचीत काय रे?" मी मुरबाडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. यंत्राचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की पट्टा सैल झालाय हे सांगतो. त्या डॉक्टरच्या पार्किंगमध्ये ते इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाच मी मनातून विकत घेतलं होतं, भाव नंतर झाला.

आई त्या गाडीत बसली नाही. एक-दोन दिवस नाही, सात वर्षं.

ती भांडली नाही, रागावली नाही. मी दार उघडून उभा राहिलो की म्हणायची, "तुज्या गाडीला घाई हाय. मला नाय." आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागायची. एकदा ती धसईला मावशीकडे निघाली. शहापूरहून मुरबाडची एसटी, मुरबाडला उतरून धसईची. मलाही हट्ट चढला. मी रिकामी गाडी घेऊन एसटीच्या मागे निघालो. किन्हवली, सरळगाव, प्रत्येक थांब्यावर एसटी थांबली की मी थांबायचो. दोनशे घोड्यांची गाडी आणि दुसरा गिअर. मुरबाडच्या स्टँडवर ती उतरली, फाटकाशी मला बघितलं, हातगाडीवरून केळी घेतली, त्यातली दोन माझ्या खिडकीतून आत दिली आणि धसईच्या गाडीत जाऊन बसली. मी तिथंच दोन्ही केळी खाल्ली आणि घरी आलो.

तिच्या त्या "घाई"चा अर्थ मला पुरता कळत होता. सातबारा तिच्या नावावर होता, वडील मी कॉलेजात असतानाच गेले होते. जमीन जाणार हे नक्की होतं, सगळ्यांचीच जात होती. आईचं मागणं एवढंच होतं की सही दिवाळीनंतर करू. "एक आवणी करू दे," असं ती म्हणाली. आवणी म्हणजे भाताची लावणी. रोपं टाकली होती, बोटभर वर आली होती. तिला ते एक पीक घ्यायचं होतं, शेवटचं आहे हे माहीत असून घ्यायचं होतं. मी म्हणालो, उशीर केला तर फाइल मागे पडते, साहेब बदलतो, लोक म्हणतात तसं. मीच तिला मोटरसायकलवर बसवून कचेरीत नेलं आणि आषाढ लागायच्या आत सही झाली. रोपं गुरांनी खाल्ली. आणि मग ते वर्षभर तिथं कुणी फिरकलं नाही. ना पोकलेन, ना डंपर. मोठ्या खाचरात कमरेएवढं गवत माजलं. आई रोज सकाळी बांधापर्यंत जाऊन ते गवत बघून यायची. घरी येऊन मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मी त्या वर्षी गाडीत हात घालायला सुरुवात केली.

वाशिंदला माझ्या शाळेतल्या मित्राचं गॅरेज आहे. तिथं पहिल्यांदा हवेचा फिल्टर बदलला, मोठा उघडा बसवला, त्याने इंजिन श्वास घेताना ऐकू यायला लागलं. मग पुण्याहून एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली, तिने स्टिअरिंगखाली एक वायर जोडली आणि अर्ध्या तासात इंजिनाच्या डोक्यातला सगळा कारभार बदलून टाकला. याला रीमॅप म्हणतात. गाडी तीच, लोखंड तेच, पण त्या दिवशी किन्हवलीच्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. ताकद वाढली म्हणून गरमी वाढली, म्हणून हवा थंड करायचा मोठा इंटरकूलर आला. त्याच्यासाठी पुढचा बंपर आतून कापला. मग टर्बोच्या मागचा पाइप बदलला, जाड, मोकळा. गॅरेजवाल्या मित्राने विचारलं, "बास ना आता? अजून काय पायजे तुला?" मी म्हणालो स्प्रिंगा. त्याने हात जोडले आणि स्प्रिंगाही बसवल्या. गाडी आणखी दीड इंच खाली आली.

गाडी खाली घेताना मी गावाचा विचार केला नाही, हे मात्र कबूल करतो. आमच्या पाड्याच्या तोंडाशी एक मोरी आहे. ती ओलांडायला गाडी तिरकी घ्यावी लागते, आधी डावं चाक, मग उजवं, मुंगीच्या पावलाने. त्या वेळी पारावर बसलेला प्रत्येक जण मला गाडी शिकवतो. "घे घे, जरा डावीकडं. थांब. लागली." पोटाला लागल्याचा आवाज आला की सगळे एकदम गप्प होतात, कुणाच्या घरात भांडं पडल्यावर होतात तसे. बायको पलीकडे उतरून चालत घरी जाते. तिचं म्हणणं, एवढे पैसे घालून गाडी वापरायला अवघड करून घेणारा माणूस तिने पहिलाच बघितला.

तिला मी कधी नीट सांगू शकलो नाही. शेतावर मला काही फार काम नव्हतं, लहानपणापासून मी कामचुकारच. पण चिखलात उभं राहिलं की पायाला एक गार ओढ लागायची. पाऊल बाहेर काढताना जमीन ते सहजी सोडायची नाही. राब भाजल्याचा वास दोन दिवस कपड्यांतून जायचा नाही. मुरबाडहून घरी आलो की मी कपडे न बदलता आधी बांधावर जायचो, काही न करता उभा राहायचो आणि परत यायचो. तेवढं मला पुरायचं. आता कामावरून आलो की जायला जागाच नाही. मग गाडीचं बॉनेट उघडून उभा राहतो. मला शेताची आठवण येते आणि मी गाडीला नवीन काहीतरी बसवतो. सगळं बसवून झालं तरी ते काही भरून आलं नाही.

मग मागच्या वर्षी रस्ता सुरू झाला आणि माझे रविवार तिकडे लागले.

एका रविवारी मी परत आलो तेव्हा आई ओटीवर वाल सोलत बसली होती. बायको आतून म्हणाली, "झालं का शेत बघून?" टोमणाच होता तो. आईने मान वर केली.

"दिसतं काय रे तिथनं?" तिने विचारलं.

मी काय सांगणार? म्हणालो, "दिसतं की."

"आपला खाचर दिसतो?"

"जागा दिसते."

ती परत वाल सोलायला लागली. चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी एसटीने धसईला जाऊन आली. मावशीची शेती अजून आहे. आणि शनिवारी संध्याकाळी मला म्हणाली, "उद्या मला ने तिकडं."

"एसटी नाय जात तिथनं," मी मुद्दाम म्हणालो.

"ठावं हाय मला. तुज्या गाडीनं ने."

मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी सहाला उठून मी गाडी धुतली, चाकांत हवा बघितली, मागच्या सीटवरची पाना-पेटी काढून टाकली. सात वर्षांनी आई माझ्या गाडीत बसणार होती आणि मला एवढंच हवं होतं की तिने ती जागा बघावी आणि माझ्यावरचा तो न बोललेला राग कुठंतरी उतरावा. पाड्याच्या मोरीच्या पलीकडे गाडी उभी केली, म्हणजे पोटाला लागायची भानगड नको. आई नवं लुगडं नेसून चालत आली. बसताना तिला खूप खाली वाकावं लागलं. एक हात माझ्या खांद्यावर, एक दाराला. "भुईवरच बसवलंस की," म्हणाली. तिच्या मांडीवर रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. मी विचारलं तर तिने गाठ सोडून दाखवली. मूठ-दीड मूठ भात होतं, सालासकट, मावशीकडून आणलेलं बियाणं.

"टाकीन म्हणते जाता जाता," ती म्हणाली. "थांबता येत नसंल ना तिथं?"

"नाय येत. पण हळू घेतो."

शहापूरच्या पुढे रस्त्यावर चढलो. मी सगळ्यात डावीकडच्या पट्ट्यात, साठवर. मागून ट्रक दिवे मारून उजवीकडून जात होते. आई दोन्ही हातांनी सीटचा पट्टा धरून बसली होती, पण घाबरली नव्हती. उलट तिने इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाली, "गिरणीसारखा बोलतो की रे ह्यो." मला बरं वाटलं. डाव्या हाताला माहुलीचा डोंगर होता, त्याचे सुळके उन्हात स्वच्छ दिसत होते. आमच्याकडे त्यांना नवरा, नवरी आणि भटजी म्हणतात.

मोरी आली. मी पन्नासवर आलो. "आई, हे बघ. हा आपला नाला. इथनं सुरू."

तिने बाहेर बघितलं. मग माझ्याकडे. "ह्यो?"

"हा."

"ह्यो नाय."

हिरवा फलक आला आणि गेला. मी म्हणालो, कागदावर असंच आहे. तिने कागदाचा विषय काढला नाही. ती सीटवर खाली घसरली. हनुवटी छातीला लागेपर्यंत घसरली, पाठ गोल केली आणि मान तिरकी करून डोंगराकडे बघत राहिली. मला वाटलं तिला चक्कर येतेय. मी विचारलं, "काय होतंय?"

"गप. बगू दे." मग तिथूनच, वाकलेल्या अंगाने, तिने मला समजावलं. मोठ्या खाचरात आवणीला वाकलं की समोरच्या टेकडीवर नवरीचं नुसतं टोक दिसायचं. उभं राहिलं की खांद्यापर्यंत दिसायची. वरच्या खाचरात गेलं की वाकूनही अर्धी दिसायची. सगळी हयात तिने ती नवरी वाकूनच बघितली होती. म्हणून ती आता वाकत होती. माझ्या खाली घेतलेल्या गाडीत, त्या उंच भरावावर, शेतात वाकल्यावर डोळे जिथं यायचे तिथं डोळे आणायचा ती प्रयत्न करत होती.

फलकानंतर चांगलं किलोमीटरभर पुढे गेल्यावर ती म्हणाली, "हा. ह्यो बग. ह्यो आपला." आणि ती सरळ होऊन रुमालाची गाठ सोडीपर्यंत, मी खिडकीची काच खाली घेईपर्यंत ते मागे पडलं.

"फिरव," ती म्हणाली.

"फिरवता येत नाय, आई. इगतपुरीला जाऊन यावं लागतं."

"मंग चल."

पुढे बोगदा लागला. म्हणजे इतके रविवार मी भलत्याच्याच शेताकडे तोंड करून बसायचो. आणि आमचं शेत आलं की, बरोबर तिथंच, माझा पाय खाली असायचा आणि नजर आकड्यांवर. नकाशात एकच नाला होता, रस्त्याला मोऱ्या दोन-तीन होत्या, यंत्राची नस ओळखणाऱ्या माणसाला एवढं साधं कळलं नाही. मला रडू येत होतं आणि बोगदा लांब होता हे बरं झालं. इगतपुरीला आईने चहा बशीत ओतून प्यायला आणि म्हणाली, "आता जाताना आदीच काच खाली घे."

परतीला डोंगर माझ्या बाजूला आला. आई माझ्या अंगावरून पलीकडे बघत होती, पुन्हा खाली घसरून. तिने सांगितलेली जागा मी पक्की धरून ठेवली होती. तिथं कठड्याला एक तांबडी पट्टी होती, समोरच्या अंगाला विजेचा मनोरा. तो मनोरा दिसू लागला तेव्हा मी चाळीसवर आलो, तिच्या बाजूची काच खाली घेतली, आणि म्हणालो, "आई, आलं."

ती बघत राहिली. मनोरा गेला. तिने भाताची मूठ उघडली नाही.

"आई?"

"अजून नाय. अजून हाय जरा."

हिरवा फलक गेला. माझी मोरी गेली. त्याच्याही पुढे, जिथं आमची जमीन असायचं काही कारणच नव्हतं, जिथं नकाशाप्रमाणे शेजारचं गाव सुरू होतं, तिथं ती एकदम म्हणाली, "हा. ह्योच. बग कशी टोकावर आली नवरी." तिचा आवाज पहिल्या वेळेसारखाच पक्का होता. तिने हात खिडकीबाहेर काढला आणि भात फेकलं, मनगटातून, आडवं, रोपं टाकायच्या जागेवर बी फेकतात तसं. निम्मं वाऱ्याने आत आलं. तिच्या पदरावर, सीटवर, पायाशी पडलं. उरलेलं काँक्रीटवर गेलं असेल.

तेव्हा मला कळलं की तिलाही माहीत नाही. ज्या उंचीवरून ती शेत ओळखायची ती उंचीच आता उरली नव्हती. मला नाही, तिला नाही, जगात कुणालाच आता सांगता येणार नाही की मोठा खाचर नेमका कुठं होता.

"ह्योच ना रे?" तिने विचारलं. ती माझ्याकडे बघत होती. सात वर्षांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं, राग धरून नाही, नुसतं विचारणारं.

"ह्योच," मी म्हणालो. "मला पण ह्योच वाटला."

ती सीटवर नीट बसली. पदरावरचं भात एकेक दाणा वेचून रुमालात घ्यायला लागली आणि घर येईपर्यंत वेचत होती.

आता ती अधूनमधून माझ्या गाडीत बसते. धसईला गेलो की मावशीला सांगते, खाचर दिसतो अजून, चांगला दिसतो. रविवारी मी एकटा जातो तेव्हा जाताना मोरीपाशी पाय सोडतो. पुढे, तिने पहिल्यांदा दाखवलं तिथं सोडतो. परत येताना, जिथं भात पडलं तिथंही सोडतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात, दिवे मारतात, शिव्याही देत असतील. त्यांना वाटत असेल, एवढी गाडी आणि चालवतो कशी. मी तिन्ही ठिकाणी हळू जातो. तिन्हींतलं एखादं तरी आमचं असेल.